डावी बाही

ती दुकानात शिरली तेव्हा मी
वानखडे मास्तरांच्या पट्ट्याला सातवं भोक पाडत होते.
"जाकीट होते का? मापाचं. लाल."
घाटंजीत चामड्याचं जाकीट!
जिथे मे महिन्यात डांबर
चपलेला चिकटून घरात येतं.
होईल, म्हटलं. धंद्यात हा शब्द आधी,
हिशेब मागून.

नजमा, कामठीची. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये
गाडी फिरवते, दिवसाचे चौदा खेळ.
अंगावरचं रेक्झिन कोपराशी
भाजल्या वांग्यासारखं साल सोडत होतं.
छाती, पाठ, खांदा, मनगट.
टेप डाव्या हातापाशी अडला.
"पुरा सरळ नाई होत तो. दोनदा मोडला.
गाडीवर सरळ हात लागतेच कोणाले?
जसा हाय, तसाच शिवजो."

नागपुरात दोन वर्षं फॅशन शिकले,
तिथल्या पुतळ्याला हातच नव्हते.

मामा अजून म्हणतात, पोरगी एवढी शिकली
आणि फिरून रापीपाशीच आली.
पेंटरने बोर्डावर 'लेदर'चं 'लेडर' केलं,
मी शंभर रुपये कापले, बोर्ड तसाच टांगला.
डॉक्टरीणबाईंची पर्स, नवरदेवाची मोजडी,
कोळशाच्या ट्रकवाल्याचं पाकीट,
बायकोला सापडणार नाही अशा कप्प्याचं.
(तिनेही शिवून नेलं एक. तिचाही कप्पा
मी कुणाला सांगितला नाही.)
कातडं चेन्नईहून येतं, बकरीचं.
यवतमाळहून एसटीत घेऊन बसते तेव्हा
पावती मुठीत.
कुणी नाक उचललं, आवाज चढवला,
तर आधी कागद, मग तोंड.

डावी बाही तीनदा कापली वर्तमानपत्रात.
तीनदा कोपराशी चुणी.
चौथ्यांदा बाबा उठले,
जे माझ्या दुकानात फक्त पंख्याखाली बसायला येतात,
आयुष्यभर एसटी स्टँडसमोर लोकांचे तळ लावून
ज्यांची पाठ आता त्या बाहीसारखीच.
रापी घेतली. कागद मांडीवर वाकवला.
"तुह्या आज्याच्या हाताखाली मोटेची सोंड
अशीच कापत होतो मी.
सरळ कापली तर फाटते.
पाण्यालेबी कोपर असते, पोरी."

पारव्यापासून पाटणबोरीपर्यंत
आज्याचे टाके विहिरींत उतरायचे,
भरून वर यायचे.
थेंब गळला तर मजुरी परत, असा बोल होता.
मग इंजिनं आली.
मी एकही मोट पाहिलेली नाही.

जाकीट झालं तोवर जत्रा वणीला गेली होती.
मीही गेले, मांडीवर पुडकं, मुठीत पावती.
तिने तिकीट घेऊ दिलं नाही.
लोखंडी शिडी चढून कठड्याशी उभी राहिले,
खाली फळ्यांची विहीर, कोरडी ठाक.
गाडी सुरू झाली, फळ्या पायाखाली बोलायला लागल्या
आणि लाल रंग भिंतीने वर वर येत गेला.
लोकांचं लक्ष चाकांवर.
माझं कोपरावर.

लोक वाकून दहाच्या नोटा धरत होते.
ती डाव्या हाताने टिपत होती,
चुणी नाही, ओढ नाही.
माझ्याजवळ सुटे नव्हते. मी बिल धरलं:
बाकी तीन हजार दोनशे.
तिसऱ्या फेरीत तेही गेलं.

रात्री तंबूमागे तिने पैसे मोजून दिले,
दहाच्या, विसाच्या, घामेजल्या नोटा.
"पैलं जाकीट हाय," म्हणाली, "ज्यात हात आठवत नाई."

घरी बाबांनी एकेक नोट मांडीवर सरळ केली.
पेट्रोलचा वास.
वीस रुपये कमी भरले.
पुन्हा मोजले. बरोबर निघाले.
मी मापांची वही उघडली, नजमाच्या पानावर
डाव्या बाहीसमोर आकडा खोडून लिहिलं: सोंड.
बाबांनी चष्मा मागितला,
वाचलं,
आणि विचारलं, उजवीचं काय केलं होतंस?