दीड लिटर यार्देन

रविवारच्या शाळेत बाबा
फळ्यावर यार्देन काढायचे निळ्या खडूनं,
खडू आडवा धरून, तळव्याएवढी रुंद.
तास संपला तरी पुसायचे नाहीत.
सोमवारची गणितं तिच्या काठाकाठानं मांडली जायची.

इथं ती लाकडी पायरीखाली आहे. मातकट,
पलीकडचा माणूस शिंकला तर
रुमाल देता येईल इतकी अरुंद.
मधून एक दोर, दोन्ही काठांना बंदुका,
आणि पलीकडे पांढऱ्या झग्यांतली माणसं
नाक दाबून बुडतायत,
वर येताना हसतायत शाळेतल्या पोरांसारखी.

मी गुडघे टेकले. प्रार्थना आठवेना.
आठवला तो बाबांच्या बाहीवरचा निळा चुरा.
बाटली तिरकी बुडवून धरली, बुडबुडे थांबेपर्यंत.
एवढंच तर मागितलं होतं त्यांनी,
ऑक्सिजनची नळी बाजूला सारून:
जमलं तर थोडं आण.
प्यायला नको. मातीवर शिंपडायला.

नायेफची गाडी नबोच्या चढावर
तिसऱ्या वळणाला शिट्टी मारून बसली.
बॉनेटखालून वाफ. खाली मृत समुद्र
वितळल्या शिशासारखा.
सावली म्हणाल तर एका पाटीची,
तीही एका शेळीनं आधीच घेतलेली.
त्यानं डिकीतला कॅन हलवून पाहिला. रिकामा.
पिण्याचं पाणी आम्ही खालीच संपवलं होतं.
मग तो माझ्या मांडीवर पाहायचं टाळू लागला,
इतकं, की ते टाळणंच मला ऐकू आलं.

"वडिलांचं आहे ना ते?"
"हो."
"मग मी चालत जातो. वर दुकान आहे. येतो तासाभरात."
बेचाळीस अंश.
त्याच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला.

खडकावर आपटलेली काठी, उसळलेलं पाणी,
त्या एका फटक्यापायी
ज्याला देश नुसता दाखवला, आत घेतला नाही
तो म्हातारा,
हे सगळं नंतर सुचलं.
तेव्हा मी फक्त झाकण फिरवलं.

इंजिन निवेपर्यंत थांबलो. शेळी थांबली नाही.
मग यार्देन गळगळत गाडीच्या पोटात गेली.
"बिस्मिल्ला," तो पुटपुटला.
मी "आमेन" म्हणाले.
इंजिनाला दोन्ही चाललं.

नबोवर काही दिसलं नाही.
पितळी तक्त्यावर बाण होते,
यरीहो इकडे, यरुशलेम तिकडे,
आणि बाणांच्या टोकांपुढं नुसती धूळ.
एक गृहस्थ मार्गदर्शकाकडं पैसे परत मागत होते.
मला का कोण जाणे, बरं वाटलं.
म्हणजे कधीकधी
दाखवतसुद्धा नाहीत.

नायेफ म्हणाला, घरी चहा घेऊन मगच जायचं.
त्याच्या आईनं चहात मरामियाची पानं चुरगळली.
गच्चीवर तीन टाक्या. टँकर गुरुवारी येतो.
आज बुधवार.
लेकानं काय सांगितलं कोण जाणे,
ती उठली, टाकीवर बोटानं टिचकी मारली,
कान लावून उरलेलं पाणी ऐकलं
आणि माझी रिकामी बाटली नळाखाली धरली.
मी नको नको म्हणत राहिले, मराठीतच.
तिनं झाकण पिळून घट्ट केलं,
बाटली बाहीला पुसली.
"अबूकी," म्हणाली,
आणि हवेत हात हलवला, शिंपडल्यासारखा.

बाटली आता बॅगेत आहे, दोन स्वेटरांत गुंडाळलेली.
मंडळीतल्या बायका विचारतील, यार्देनचंच ना?
काय सांगायचं ते ठरलेलं नाही.
बाबांना मात्र सांगेन, मातीवर वाकून:
बुधवारचं पाणी आहे, बाबा.
गुरुवारपर्यंत पुरवायचंय.