हातचा

नऊ वर्षं लांज्याच्या शाळेत
आठवी ब ला गणित शिकवलं मी,
आणि इथे सोहारला, तिसऱ्या मजल्यावर,
'रिमेंडर'पाशी अडले.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
ऋजुता वहीतून मान वर न करता म्हणाली,
आई, तुला बाकी येत नाही?

येते गं.
बाकीच तर येते.

दुधाच्या खोक्यांची पुठ्ठी कापून
घरभर शब्द चिकटवलेत:
फ्रिजवर छेद, 'डिनॉमिनेटर'.
कर्ण दाराशी, चपलांच्या वर,
जाता-येता तोंडात बसावा म्हणून.
समोरची शीबा नर्स आहे. तिने तो वाचला,
'हायपोटेन्यूज', आणि काळजीने विचारलं,
ही गोळी कोणाला चालू आहे?

मुद्दल म्हणजे 'प्रिन्सिपल'.
आमचे मुख्याध्यापक खेडेकर सर दिसू लागतात,
द.सा.द.शे. आठ दराने
हळूहळू वाढत जाणारे.

खालच्या बकाल्यात रियालचे हजार बैसे,
दशांशाची तीन घरं.
अरबी पाच हुबेहूब आपलं शून्य,
आणि त्यांचं शून्य नुसता एक ठिपका.
पहिल्याच आठवड्यात पाच रियालच्या पाटीला
फुकट समजून मी आभार मानून निघाले होते.
दुकानदार हसला नाही. त्याने बोटं दाखवली,
एका हाताची, सगळी.
बोटांना भाषांतर लागत नाही.
परीक्षेत बोटं चालत नाहीत.

परीक्षेत घड्याळ चालतं.
आपण आधी एकक बोलतो, मग दशक:
बे-चाळीस. ते आधी चाळीस म्हणतात, दोन मागून येतात.
घाईत माझ्या बेचाळीसचे चोवीस होतात,
उत्तर चुकतं, आणि चूक मला गणितात सापडत नाही.
गणित बरोबर असतं.

एक वाक्य दोन रात्री सुटलं नाही.
सातने एकवीसला 'इव्हनली' भाग जातो.
इव्हन म्हणजे सम, हे तर पाठ.
पण सात विषम, एकवीस विषम, तीनही विषमच.
विश्राम रात्रपाळीला बंदरावर, मी चिठ्ठ्यांत,
पोरगी दोन उशांमध्ये डोकं खुपसून.
तीन विषम माणसं. यात सम कुठून आलं?
पहाटे नळाला टाकीतलं कोमट पाणी आलं,
चहाचं आधण ठेवता ठेवता कळलं:
अगं, निःशेष!
एवढंच म्हणायचं होतं त्यांना.
घासून पालथं घातलेल्या पातेल्यासारखा
स्वच्छ शब्द. मी तो मोठ्याने म्हटला,
ओट्याशी, एकटीनेच, दोनदा.

काल भाऊजींचा फोन.
छत्तिसाव्या वर्षी परत विद्यार्थी व्हायचं?
नवऱ्याची नोकरी बरी चाललीय,
हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागतेस?
मी खिडकीतून बंदराचे दिवे मोजत होते.
सतरा तारखेला मस्कत, सकाळी साडेआठ,
हे त्यांना सांगितलं नाही.
थोडं थांबून ते म्हणाले, बरं, बाकी?
म्हटलं, बाकी काही नाही.

हातचा म्हणजे 'कॅरी'. उचलून नेणे.
शब्दकोशात तो ओझ्याच्या शेजारी सापडला.
आम्हाला तो दुसरीत कुमठेकर बाईंनी शिकवला होता,
खडूने पांढरी झालेली मूठ बंद करून:
हा टाकायचा नाही, मिरवायचा नाही,
पुढच्या घरात जाईपर्यंत धरून ठेवायचा.

पुठ्ठ्याचा एक तुकडा उरलाय.
याची चिठ्ठी केली नाही, हा शब्द विचारत नाहीत.
तुकड्याच्या मागे दुधाची अर्धी गाय.
तिच्या पाठीवर पेन्सिलने, उगाच,
सत्तावीस अधिक पंधरा.
सात आणि पाच बारा.
बाराचे दोन इथे.
एक पुढच्या घरावर, बारीक अक्षरात.