आधी गरम होऊ दे

अडीच महिने
मी गाडी बंदच केली नाही.
वडनेरच्या काट्यावर सरकीची पोती चढताना चालू,
ढाब्यावर जेवायला बसलो तरी बाहेर चालू,
साळीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली
तेव्हा मांडवामागे ती घुरघुरत होती
आणि सासरे अक्षता हातात धरून
वळून वळून पाहत होते.

बंद केली की संपलं.
सकाळी अर्ध्या चावीत उठणारी गाडी
तासभर धावून थांबली, की वीस मिनिटांनी
स्टार्टर फिरतो, फिरतो, फिरतो,
सायलेन्सरमधून धुराची एक रेघ नाही.

हिंगणघाटात बॅटरी बदलली.
जामला स्टार्टर उतरवला, चढवला.
वणीच्या माणसाने फिल्टर टाकला, मग दुसरा फिल्टर.
सगळ्यांनी सकाळी सकाळी चावी मारून दाखवली:
पाहा, झाली का नाही!
सगळ्यांना मी पैसे दिले.

डोमाजी मिस्त्रीचं दुकान म्हणजे
बाभळीखाली खाट, दोन जॅक, एक माठ.
त्याने गाडीला हातही लावला नाही.
"थंडी हाय ना आत्ता?"
हो.
"मंग मी काय पाहू? थंड्यात साऱ्याच गाड्या शहाण्या राहतात.
जाय, पोहण्यापर्यंत नेऊन आण.
भरलेलीच."

डांबर टायरला चिकटत होतं.
गेलो. आलो.
त्याने बंद करायला लावली, बिडी पेटवली.
बिडी संपली तसा मी उठलो.
"बस. चालू असते तवा पंखा वारा घालते तिले.
खरा ताप बसल्यावर चढते."

बसलो मग दोघं खाटेवर,
गाडी बिघडायची वाट पाहत.
असं मी कधी केलं नव्हतं.
बिघाड आजवर आपल्या मनानं आला,
रात्री, पुलावर, भर बाजारात.
त्याला बोलावून, सावलीत बसून,
कोणी त्याची वाट पाहिलेली मी पाहिली नव्हती.

"मार."
फिरतो, फिरतो. धूर नाही.
डोमाजीचा चेहरा खुलला,
पाहुणा एसटीतून उतरला जसा.

सतराच्या पान्याने नळीचा नट सैल केला.
"मार."
डिझेल पिचकारीसारखं उडायला हवं होतं.
ते घामासारखं आलं,
नटाच्या कडेवर येऊन थांबलं,
खाली पडायचाही कंटाळा.

"हवा धरली असन," मी म्हणालो.
अडीच महिन्यांत मीही थोडा मिस्त्री झालो होतो.
"हवा असती त फेस आला असता. दिसते का तुले फेस?"
नव्हता.

माझ्या खांद्यावरचा दुपट्टा त्याने ओढला,
माठात बुचकळला, पंपाला गुंडाळला.
चर्रर्र झालं. पुन्हा भिजवला. पुन्हा.
पंचरवाल्याचा पोट्टा हसला,
"ऊन लागलं का बे गाडीले?"
"पाय," डोमाजी म्हणाला, "त्याले समजलं."

"मार."

अर्ध्या चावीत.
धुराचा लोट बाभळीत घुसला
आणि साळुंक्या शिव्या देत उडाल्या.

"रोटर झिजलं पंपाचं. थंडं डिझेल जाडं राहते, दाब धरते.
तापलं का पातळ होते,
आतल्या आतच निसटते."
केस ठेवला तर केसही जाणार नाही
एवढ्या फटीसाठी
मी सासऱ्यांचे डोळे सोसले होते.

पंप नागपूरला जाईल. खर्च त्याने सांगितला,
मी बाभळीकडे पाहिलं.
तोवर केबिनमध्ये दोन कॅन:
एक आमची, एक पंपाची.
निलूला दहादा बजावलं,
तरी त्याने एकदा पंपाची प्यायली.

काल रात्री घरासमोर गाडी बंद केली.
चावी काढून हातात घेतली. किती हलकी.
रातकिडे होते इथे, हे विसरलोच होतो.
बायको पिठाच्या हातांनी धावत दारात आली.

"काय झालं?"
"काही नाही. बंद केली."
"हो, पण झालं काय?"