डाव्या हाताची खिडकी

छत्तीस वर्षं सातपूरला लेथवर
लोखंडाला आटे पाडले.
दीड मिलिमीटरचा पिच डोळे मिटून सांगेन.
पण कापडावरचा धावदोरा
पहिल्याच ओळीत भरकटला.
कुमुदने चष्मा कपाळावर सरकवला :
"ही शिवण आहे की नासर्डी?"

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
मुंबई नाक्याजवळच्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या,
तिची चौथी, एसीच्या अगदी तोंडाशी.
चार तास रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं,
येताना थंडी घेऊन येतं.
तिथलं ब्लँकेट तिला नको.
"त्याला फिनेलचा वास येतो," म्हणते,
"आणि कुणाकुणाचा."

मुलगी फोनवर म्हणाली,
बाबा, ऑनलाइन मागवते, परवा पोचेल.
पोचली असती.

अस्तराला कुमुदची बदामी साडी,
जिच्या पदराने बालवाडीतल्या किती पोरांची
नाकं पुसली, तिलाच ठाऊक.
वर माझे कंपनीचे निळे शर्ट,
ज्यांतलं ऑइल कुठल्याच साबणाला दाद देईना.
मधेमधे लाल मांजरपाट. दोरा दहीपुलावरून,
दुकानदाराने विचारलं, कुणी सांगितलंय आणायला?
मी म्हटलं, मीच.

शिवायचं कधी, तर पाणी साडेपाचला येतं, ते भरून झालं की.
तिच्या भाज्या उकळून, पाणी फेकून, पुन्हा उकळून झाल्या की.
दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, त्यातच औषध :
स्टीलच्या तांब्यावर मी कानशीने खूण केलीय.
कुकरच्या दुसऱ्या नि तिसऱ्या शिट्टीमधे
एक वीत होते.
बाजारातलं अंगुस्तान माझ्या बोटात जाईना,
पितळी नळीचा तुकडा कापला, घासला,
जमलं.

निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला
त्या गुरुवारी गोधडी घेऊन गेलो.
पगारे सिस्टर म्हणाल्या, काका, सुंदर हो.
पण हात बाहेर हवा.
सुई सरकली तर दिसायला नको का आम्हाला?
हात बाहेर काढला की गोधडी घसरायची,
खांदा उघडा पडायचा,
मी चार तास ती वर ओढत बसलो.

रात्री ती झोपल्यावर टेप काढला.
खांदा ते कोपर, कोपर ते मनगट.
त्या हातात डॉक्टरांनी जोडलेली शीर आहे,
बोट टेकवलं की आत थरथर चालूच.
रोज वाटतं,
मशीन बंद न करताच घरी आलो की काय.

कात्री हातात घेऊन बराच वेळ बसलो.
लोखंडात कट चुकला
की तुकडा सरळ भंगारात.
एवढ्या दिवसांचं शिवलेलं,
त्याला मुद्दाम भोक पाडायचं.
खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं,
होत नव्हती.
ती झाली तेव्हा मी कापलं.
कडा आत दुमडल्या, वरून झडप शिवली,
शर्टाचीच चार बटणं लावली.
सकाळी कुमुदने हात घालून पाहिला, काढला,
पुन्हा घातला.
"खिडकी केलीस. आता जाळी बसव,
डास येतील."

शनिवारी एक ओळ राहिलेली होती, मधली.
"आण इकडे."
डावा हात खिडकीबाहेर, मशीनला बांधलेला.
उजव्याने तिने सुई घातली,
कापड मी ताणून धरलं,
सुई पलीकडून ओढून पुन्हा तिच्या चिमटीत दिली.
असं टाक्याटाक्याला.
शेजारचा ओझरचा पोरगा मोबाइल ठेवून बघत राहिला.
पगारे सिस्टर ओरडल्या,
काकू, दोन टोचल्यात ना, तिसरी कशाला?
"त्या तुमच्या," कुमुद म्हणाली.

खोटं कशाला बोलू,
तिचीही ओळ सरळ नाही आली.
मी काही बोललो नाही.
मशीनवर अजून सव्वा तास दाखवत होतं.