सावकाश चालणारी

आमच्या लिफ्टला वीस तेत्रीचं नाणं लागतं,
त्याशिवाय ती जागची हलत नाही.
झुराब खालून ओरडला, सुट्टे आहेत का,
मी सातव्या मजल्यावरून नाणं टाकलं, कागदात गुंडाळून,
ते कुणाच्या तरी टोमॅटोच्या पेटीत पडलं.
मग तो जिन्यानं आला,
खोकं छातीशी धरून, तान्ह्या पोरासारखं.

फ्रिजवरचा जुना राउटर
दात पिवळे पडावेत तसा पिवळा,
एका अँटेनावर चिकटपट्टीची खपली.
अकरा वर्षं झाली त्याला.
आई बारीला गेली त्याच आठवड्यात आणलेला.
तिथे ती सिन्योरा ओर्नेल्लाला उठवते, बसवते, भरवते
आणि रात्री साडेनवाला ग्ल्दानीत आमच्याकडे येते
चौकोनाचौकोनांनी:
आधी कपाळ, मग अर्धा गाल,
मग ओठ, केव्हाच बोलून झालेलं पुन्हा बोलणारे.
"ऐकू येतंय का?"
या घरात एकमेकांची खुशाली आम्ही अशीच विचारतो.

पैसे तिनंच पाठवले.
म्हणाली, स्वस्तातला नको,
माझ्या तोंडाकडे बघून तरी चांगला घ्या.

झुराबनं समजावलं, टेबलावर बोट आपटत:
यात दोन लहरी असतात, तेक्ले.
एक पळणारी. पण भिंत आली की तिला धाप लागते,
तुमच्यासारखं काँक्रीट असलं
तर उंबऱ्यातच बसकण मारते.
दुसरी सावकाश चालणारी,
ती पार शेवटच्या खोलीपर्यंत जाते.
मग त्यानं यादी उघडली.
शेजाऱ्यापाजाऱ्यांची चोवीस नावं, एकमेकांच्या अंगावर बसलेली,
सगळ्यांत वर, 'गिव्हीचं आहे, चोरू नका'.
जुन्यावर सात. नव्यावर एकशे ऐंशी.
आकडा त्यानं असा दाखवला
जसं काही तो स्वतःच एवढा धावून आला होता.

साडेनऊ.
आई आली.
एकदम सगळी.

वरचा एक दात नाही.
केसांच्या मुळाशी दोन बोटं पांढरं.
मनगटावर भाजल्याचा डाग, इस्त्रीच्या टोकाएवढा.
पाठीमागे हुक, हुकाला एक कोट,
आणि चहूकडून भिंत.
खोलीला खिडकी आहे म्हणायची ती,
खिडकीतून समुद्राचा वास येतो म्हणायची.

मी म्हटलं, छान दिसतेयस.
ती म्हणाली, किती वाळलीस गं,
आणि बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला
तो शेवटपर्यंत खाली आला नाही.
दुसऱ्या दिवशी ती दिव्यापासून लांब बसली.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
जुनं होतं तेच बरं होतं की.

शेवटच्या खोलीत बाबा.
त्यांच्या फोनला पळणारी लहर ओळखताच येत नाही.
नवा फोन दिला, तो त्यांनी उशीखाली सरकवला.
दार लोटून रोज बोलतात तिच्याशी, त्या सावकाश चालणारीवर,
कपाळ येईतो थांबतात,
गाल येईतो थांबतात.

काल चहा घेऊन गेले
तर पडद्यावर आई हसता हसता गोठलेली,
धुरकट, तीस-बत्तिशीची वाटावी अशी,
आणि बाबा त्या गोठलेल्या तोंडाला सांगत होते
जोंजोलीच्या किती बरण्या भरल्या, किती फुटल्या.
"लाइन गेली का?"
"येईल," म्हणाले. "नानुलीला कधी घाई होती?"

सकाळी झुराबचा फोन.
सावकाशवाली बंद करून टाकू का,
यादीतली गर्दी तेवढीच कमी होईल, येतो पाच मिनिटांत.
मी म्हटलं, ये केव्हाही, चहाला ये,
लिफ्टसाठी वीस तेत्री खालच्या मजल्यावर ठेवते,
पण तिला हात लावू नकोस.