दुसरी पिशवी

तळघराला खिडकी नाही.
बाहेर उणे चोवीस आहे म्हणे,
कुओपिओचं तळं या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं,
आणि शेजारच्या खोलीत रक्ताचा फ्रिज
अधिक चार अंशांवर घुरघुरतो आहे.
हिवाळ्यात आमच्याकडे
फ्रिज ही उबदार जागा असते.

मी जुने केसपेपर वाचते. पंचवीस वर्षांचे, अकराशे सहा.
हिमोग्लोबिन किती होतं, पिशव्या किती चढवल्या,
नंतर काय झालं,
आणि कारण.
कारणाचा रकाना मी सगळ्यांत रुंद आखला होता,
तोच रिकामा राहतो.
कुणी लिहिलंय, "फिकट दिसते."
कुणी, "उद्या सुट्टी, आजच देऊन टाका."
एका सर्जनने तर नुसतं, "नेहमीप्रमाणे."

आणि जवळजवळ सगळ्यांना दोन.
दोनच का, विचारलं तर डॉक्टर हक्कराइनेन हसले
(निवृत्त झालेत, आता मधमाश्या पाळतात):
"अगं, एकच देणं म्हणजे
पाहुण्याला अर्धा कप कॉफी ओतणं."

सढळ हात. किती चांगला शब्द वाटायचा मला.
पण हात कुणाचा, आणि सढळ कशावर?
यीसाल्मीचा एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर असेल,
बाही वर करून आडवा पडला असेल,
मग राईच्या पावाचा तुकडा, रस,
आणि "दहा मिनिटं बसा" म्हटल्यावर पाचच मिनिटं बसून
उठला असेल, पोरं वाट बघत होती म्हणून.
पिशवीवर त्याचं नाव नसतं. आकडे असतात.
पस्तीस दिवस तो आकड्यांत राहतो.

आम्ही दोन वॉर्ड शेजारी ठेवून पाहिले.
एक जुन्या सवयीचा. एक हात आखडता घेणारा:
सत्तरच्या खाली गेल्याशिवाय नाही,
हृदय दुखावलेलं असेल तर रेघ थोडी वर,
आणि द्यायची ती एक. मग थांबा, तपासा, माणसाला विचारा.
(वाहत्या जखमेला हे लागू नाही.
तिथे मी मोजत नाही, धावते.)
आखडत्या हाताखाली माणसं जास्त मेली नाहीत.
मी आकडे उलटे केले, सुलटे केले,
एक रविवार त्यातच गेला.
नाही मेली.

सहाशे बारावा केसपेपर.
ओइवा रॅसॅनेन, वय एक्याऐंशी, लाकूडतोड्या, वजन एकोणपन्नास किलो.
मार्च, अठ्ठ्याण्णव. हिमोग्लोबिन चौऱ्याण्णव.
पहिली पिशवी दुपारी चारला.
दुसरी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी, लावणारी परिचारिका:
एच. तीहोनेन.

लग्नाआधीचं माझं नाव.
ट चा दांडा लांब ओढायची सवय तेव्हा होती.

मला तो आठवतो, असं म्हणणं खोटं होईल.
हात आठवतात, चिकाचे काळे डाग अजून नखांत.
आणि पिशवी अडकवताना म्हणाला होता,
"पोरी, भरलंय आता माझं."
मला वाटलं जेवणाबद्दल बोलतोय.
मी ताट उचललं.

पुढच्या पानावर दुसऱ्याच कुणाचं अक्षर:
बारा चाळीस, धाप. दोन उशा, मग तीन.
गुलाबी फेस. लघवीचं औषध. डॉक्टरांना फोन.
चार पंधरा, अतिदक्षता.
त्यापुढचं पान फाईलला नाही.
मी खोके दोनदा शोधले.

वर कुठेतरी लिफ्टचं दार आपटलं.
फोन वाजला, सहाव्या मजल्यावरून, नवा मुलगा आहे, आवाज घाईचा:
एकोणसत्तर आलंय, दोन पाठवता का?
चक्कर येतेय का, छातीत दुखतंय का, विचारलंस?
विचारतो म्हणाला.
परत आला. "चक्कर येतेय."
एक पाठवते.
"दुसरी?"
दुसरीसाठी पुन्हा फोन कर.
वैतागला थोडा. वैतागू दे.

फ्रिजचं दार उघडलं, बंद केलं.
बसून सहाशे बाराच्या रकान्यात लिहिलं:
कारण आढळले नाही.
त्याखाली सही करायची पद्धत नाही.
केली.
सहाशे तेरा. स्त्री, चौतीस, बाळंतपण.