पाचर

चोडणच्या खाजनात,
बांधाला जिथे कोपर आहे, तिथे मानस.
तिचं दार कुणी उघडत नाही, कुणी लावत नाही.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, ते उघडतं.
भरतीला नदी ढकलते, ते मिटतं.
किंदळीची जुनी फळी, कडेला कालवं चिकटलेली;
न शिकता तिला ठाऊक
कुणी कुठवर यायचं.

मी शांबा, या दाराचा रखवालदार.
म्हणजे दार जे स्वतःच करतं
ते त्याला करू न देण्यासाठी
हळणकरने ठेवलेला माणूस.

पावणीत त्याने साडेचार लाख मोजले,
देवळाच्या मंडपात, सगळ्यांसमोर,
अंगठ्याला थुंकी लावून.
"मानस माझी. वर्षभर माझी.
माझ्या दारातून मी काय आत घेतो
ते विचारणारा तू कोण?"
हे मला नाही, बाऊसच्या चिटणीसाला.
चिटणीस चहा प्यायला.
चहा हळणकरचाच होता.

पाऊस ओसरला की नदी पुन्हा खारावते,
आणि नेमकं तेव्हाच भातात दूध भरतं.
अमावास्येच्या उधाणाआधी
मी छातीभर पाण्यात उतरायचो
आणि फटीत पाचर ठोकायचो.
खैराची. हातभरसुद्धा नाही.
मग खारं पाणी आत, पाण्यामागून सुंगटं,
ओहोटीला दिव्याखाली ताणलेली जाळी,
पहाटे फेरीबोटीवर बर्फाचा टेम्पो.
कुणाच्या ताटात, लसणीच्या लोण्यात ती पोचतात
ते मी पाहिलेलं नाही.
मला रात्रीचे तीनशे.
पाय कुजले तर मलम माझं.

एकदा म्हटलं, शेतं खारतात.
तो हसला नाही, रागावला नाही.
"तुला मी बांधून ठेवलाय का?
रस्ता मोकळा आहे, फेरी फुकट आहे."

फेरी खरंच फुकट आहे.
तीनदा बसलो तिच्यात, तीनदा परत आलो.
मी मुंडकार. घर कायद्याने माझं,
घराच्या दारापर्यंतची वाट त्याच्या भाटातली.

पिएदादचं शेत बांधाला लागून.
कोरगुट खारं सोसतं, म्हणून तर पेरायचं.
पण सोसणाऱ्यालाही कुठेतरी रेघ असते.
पाच वर्षं तिने लोंब्या चुरून पाहिल्या,
पाच वर्षं हातात पळंज.
बियाणं बदललं. गाय विकली.
पाद्रीला विचारून आली, माझं काय चुकलं?
तेव्हा मी चर्चच्या पायरीपाशी
सायकलची साखळी बसवत होतो.
बराच वेळ बसवत होतो.

यंदा भाद्रपदातल्या अमावास्येला उतरलो
आणि हात उचललाच नाही.
धैर्य म्हणू नका. पाणी कोमट होतं,
मी नुसता उभा होतो, इतकंच.
नदी आली, दाराला खांदा लावला,
दार मिटलं. मिटताना कण्हलं,
म्हातारा ताटावरून उठताना कण्हतो तसं.

तिसऱ्या दिवशी माझ्या जागी लखिंदर आला,
झारखंडचा, वीस-बावीसचा.
त्याला आमचे दोनच शब्द शिकवले: ठोक. काढ.
रात्रीचे दोनशे.
तोही मोकळाच आहे.
आधार कार्ड तेवढं हळणकरच्या कपाटात.

जुनी पाचर मी घरी आणली होती.
ती घेऊन पिएदादकडे गेलो.
ती ओट्यावर सुकी मासळी निवडत बसलेली.
सगळं सांगितलं,
वर्ष मोजून, अमावास्या मोजून,
लखिंदरसकट.
वाटलं, शिव्या देईल.
वाटलं, थोडंसं, आभारही मानील.

तिने हात लुगड्याला पुसले,
पाचर घेतली, उलटी केली,
तळहातावर तोलून पाहिली,
भाजीवाली तोलते तशी.

"इतलीशीच?" म्हणाली.